सहा मात्रा, चार देश



परवा आमच्या कन्येने माझ्या लॅपटॉपवरची एक जुनी फाइल उघडून ऐकली आणि विचारलं, "बाबा, तुम्ही चौघं एका खोलीत बसून शेवटचं कधी वाजवलंत?" मी हिशेब केला. १९८८ सालचं गॅदरिंग. "आणि हे रेकॉर्डिंग तर २०२० चं आहे. मग ह्याला 'आम्ही एकत्र वाजवलं' असं कसं म्हणता?" पोरगी वकील आहे, तेव्हा उलटतपासणी चालायचीच. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यात राहिला. गेले दोन-तीन वीकेंड ह्याच नादात होतो. जुनी गाणी पुन्हा ऐकली, थोडं वाचलं, आणि जे हाताला लागलं ते इथे मांडतोय. थोडा इतिहास, थोडं घरचं. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गाणं होतं क्वीनचं 'वी आर द चॅम्पियन्स', १९७७ चं. मॅच संपली, कप उचलला की स्टेडियममध्ये हमखास लागतं तेच. लिहिलं फ्रेडी मर्क्युरीने. आणि फ्रेडीची गोष्ट सांगायची तर सुरुवात पांचगणीपासून करावी लागते (हो, आपलंच पांचगणी, स्ट्रॉबेरी आणि टेबललँडवालं).

मूळ नाव फारोख बलसारा. झांझिबारमधलं पारशी कुटुंब, वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. मुलाचा जन्म १९४६ चा. १९५४ साली, म्हणजे जेमतेम आठ वर्षांचा असताना, त्याला समुद्रापलीकडे पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला ठेवलं. तिथे पियानो शिकला. रेडिओवर ऐकलेलं गाणं लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा म्हणतात. १९५८ साली पाच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड वगैरेंची गाणी वाजवायची. फ्रेडी पियानोवर. बँड म्हणजे काय, शाळेच्या कार्यक्रमात हौसेने वाजवणारी पोरं! पण पाचही जण एका खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवत होते. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला आलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आम्ही कॉलेजातून १९८६ साली एसटीने पांचगणीला ट्रिपला गेलो होतो. बसमध्ये गिटार बडवत क्वीनचीच गाणी म्हणत होतो, अर्थ अर्धाच कळत असताना. ज्याची गाणी म्हणतोय तो ह्याच गावात वाढला, ह्याची आम्हाला सुतराम कल्पना नव्हती. टेबललँडवर कणसं खाऊन परत आलो. आज आठवलं की स्वतःच्या अज्ञानाचं हसू येतं.

आता गंमत बघा. पांचगणीच्या हॉलमध्ये पाच पोरांबरोबर वाजवणारा हाच फ्रेडी १९७५ साली वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' रेकॉर्ड करायला लागला, तेव्हा एकत्र वाजवणं म्हणजे काय ह्याचा अर्थच पार बदलला होता. त्या गाण्यात मधेच जो ऑपेराचा भाग आहे, त्यात शंभर-दीडशे माणसं गातायत असं वाटतं. प्रत्यक्षात गाणारे फक्त तिघे: फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. तेच तेच सूर पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक थर चढवलेले. तेवढ्या भागाला तीन आठवडे लागले. थरांची संख्या १८० च्या घरात सांगतात. चोवीस ट्रॅकच्या टेपवर एवढे थर मावत नाहीत, म्हणून आधीचे थर एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या जागेवर पुन्हा गायचं, पुन्हा एकत्र करायचं. टेप यंत्रातून इतक्या वेळा गेली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं. (आमच्या घरी हे भाग्य फक्त धोतरांच्या वाट्याला यायचं.)

ही युक्ती क्वीनची नव्हे. सिडनी बेशे ह्या न्यू ऑर्लिन्सच्या वादकाने १९४१ साली एका गाण्यात क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी सहाही वाद्यं स्वतःच वाजवली. एक तबकडी वाजवायची, तिच्या साथीला दुसरं वाद्य वाजवत नवी तबकडी कापायची, असं करत करत. मग लेस पॉल आला. त्याने आधी तबकड्यांवर आणि नंतर टेपवर हाच उद्योग शास्त्र म्हणून वाढवला, आणि १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचं यंत्र बनवून घेतलं. म्हणजे कालच्या स्वतःबरोबर आजचा स्वतः वाजवतोय!

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की वादकांची ताटातूट इंटरनेटने केली असं जे म्हणतात, त्यांनी कॅलेंडर नीट बघावं. ताटातूट टेपने केली, आणि ती आपण सगळ्यांनी पन्नास-साठ वर्षं कौतुकाने ऐकली. ज्या गाण्यावर आपण "काय टीमवर्क आहे!" म्हणून मान डोलावतो, त्यातला ड्रमर सोमवारी वाजवून गेलेला असतो आणि गायक गुरुवारी आलेला असतो.

तरीही 'चॅम्पियन्स'ची जन्मकथा नेमकी उलटी आहे. १९७७ च्या मे महिन्यात स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम संपला, मंडळी विंगेत गेली, आणि प्रेक्षक घरी जाण्याऐवजी स्वतःच गायला लागले. फुटबॉलच्या मैदानावर लिव्हरपूलचे लोक जे गातात, ते गाणं. बँडवाले थक्क होऊन ऐकत राहिले. ब्रायन मे ने पुढे अनेकदा सांगितलंय की त्या रात्रीनंतर त्यांनी ठरवलं, प्रेक्षकांना वाजवता-गाता येतील अशी गाणी करायची. त्यातून त्याचं 'वी विल रॉक यू' आलं आणि फ्रेडीचं 'चॅम्पियन्स'.

ह्या दुसऱ्या गाण्याचा ठेका सहाचा. तीन-तीनचे दोन झोके. आमचा ड्रमर मुळात साताऱ्याचा तबलजी. कॉलेजात ड्रमसेट दिसला म्हणून त्यावर बसला. पहिल्यांदा कॅसेट ऐकली तेव्हा तो म्हणाला, "अरे, हा तर दादरा!" आणि मांडीवर धा धी ना, धा ती ना सुरू केलं. तेव्हापासून आमच्यात ते गाणं 'इंग्लिश दादरा' ह्याच नावाने ओळखलं जातं.

आता तारेवरून वाजवण्याकडे येऊ. १९९३ साली फ्रँक सिनात्राचा 'ड्युएट्स' हा अल्बम आला. म्हातारबुवा हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओत गायले, आणि जोडीदार कलाकारांपैकी बरेच जण आपापल्या गावच्या स्टुडिओतून ईडीनेट नावाच्या फायबरच्या लाइनवरून त्यात सामील झाले. युगुलगीत, पण दोघांची गाठभेट नाही. अल्बम तुफान खपला आणि टीकाकारांनी झोडपलाही. त्याच वर्षी २४ जूनला कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 'सिव्हिअर टायर डॅमेज' ह्या संगणकवाल्यांच्या हौशी बँडने इंटरनेटवरून पहिला थेट कार्यक्रम केला, आणि तो ऑस्ट्रेलियात दिसला. पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्सने तसाच प्रयोग केला. मग रेस रॉकेट नावाचा एक लंडनचा उपक्रम आला, ज्यात लोक मॉडेमवरून एकमेकांना सुरावटी पाठवायचे. आवाज नाही, फक्त 'अमुक पट्टी दाब, एवढ्या जोरात' एवढ्या सूचना. त्या काळच्या मॉडेमला ह्याहून जास्त झेपलंही नसतं.

पण एकाच वेळी, समोरासमोर बसल्यासारखं वाजवायचं म्हटलं की घोडं पेंड खातं. आणि ते पैसे टाकून सुटत नाही, कारण आडवा येतो तो प्रकाशाचा वेग.

ढोल-ताशा पथकात वाजवलेल्यांना हे सांगायला नको. रांग लांब असली की शेवटच्या ढोलाला पुढच्या ताशाचा आवाज उशिरा पोचतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात एक फूटभर. चाळीस मीटरवरच्या माणसाला आवाज ११५-१२० मिलिसेकंद उशिरा. म्हणून तर मागचे कानावर न जाता पुढच्याच्या हाताकडे बघून टिपरू हाणतात. आता काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जगातली उत्तमात उत्तम तार सरळ रेषेत टाकली तरी एका बाजूने साठ-बासष्ट मिलिसेकंद गेलेच. ह्याचा अर्थ पुण्यातला तबलजी माझ्यापासून निदान वीस मीटरवर बसलाय, ह्याहून जवळ त्याला देवही आणू शकत नाही. प्रत्यक्षात तारा वळणावळणाने जातात, मधे यंत्रं असतात, त्यामुळे अंतर दुप्पट धरा.

स्टॅनफर्डच्या ख्रिस चेफ ह्यांनी २००० नंतरच्या वर्षांत ह्यावर मजेदार प्रयोग केले. दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, हेडफोन लावून, एकमेकांशी जुळवत टाळ्या वाजवायला लावल्या. उशीर ११-१२ मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय हळूहळू उतरायला लागते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. आणि उशीर त्याहून कमी केला तर लय चढायला लागते! म्हणजे माणसाला थोडं अंतर लागतंच. एका खोलीत तीन-चार मीटरवर बसलो की जेवढा उशीर होतो, तेवढाच आपल्याला मानवतो. हे वाचून मला बैठकीत गायकाच्या थोडं बाजूला बसलेला तबलजी आठवला.

ह्यावर काहींनी डोकं लढवून उशीर कमी केला. जर्मनीतल्या फोल्कर फिशरचं जॅम्युलस २००६ पासून आहे, एका शहरातल्या वादकांना ते छान चालतं. पण मला सगळ्यात भावली ती जस्टिन फ्रँकेलची २००५ मधली निन्जॅम ही युक्ती. (हा तोच, ज्याने विनॅम्प केलं. आपल्यापैकी निम्म्यांनी त्यावर एमपीथ्री ऐकत रात्री जागवल्या असतील.) त्याने उशीर कमी करण्याचा नादच सोडला आणि उलट वाढवला! तो म्हणतो, ठरावीक मात्रांचं एक चक्र ठरवा. तुम्ही आत्ता वाजवताय ते बाकीच्यांना एक पूर्ण चक्र उशिरा ऐकू येईल, आणि तुम्हाला ऐकू येतंय ते त्यांनी मागच्या चक्रात वाजवलेलं. सम सगळ्यांची बरोबर पडते, फक्त आवर्तन मागचं असतं. ज्या माणसाला ठेका धरून तेच तेच फिरवायचंय त्याला हे स्वर्ग. पण गाण्याला सुरुवात, चढ आणि शेवट असेल तर पंचाईत, कारण तुम्ही अंतऱ्यात जाता तेव्हा बाकीचे अजून मुखड्यातच.

म्हणून मग बहुतेकांनी लेस पॉलचीच वाट धरली. एकाने वाजवून पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर चढवायचं. २००८ च्या शेवटी 'प्लेइंग फॉर चेंज'चं 'स्टँड बाय मी' आलं ते आठवतंय? मार्क जॉन्सनला सांता मोनिकाच्या रस्त्यावर रॉजर रिडली नावाचा गायक हे गाणं म्हणताना भेटला. त्याचं गाणं रेकॉर्ड करून, तेच हेडफोनवर ऐकवत, न्यू ऑर्लिन्स, अ‍ॅमस्टरडॅम, दक्षिण आफ्रिका असं करत जगभरच्या वादकांचे थर त्यावर चढवले. इंटरनेटने जग जोडलं म्हणून सगळ्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला. पण बारकाईने बघितलंत तर त्यात इंटरनेट फक्त दाखवण्यापुरतं होतं. वाजवून घेण्यासाठी माणूस यंत्रं उचलून प्रत्येक दारी गेला होता! रिडली स्वतः २००५ मध्येच वारला होता. ज्यांनी त्याला साथ केली त्यातल्या बऱ्याच जणांच्या कानात तो गेल्यानंतर गात होता. २०१० मध्ये एरिक व्हिटेकरने १८५ गायकांचा जो 'व्हर्च्युअल कॉयर' केला, तो मात्र खऱ्या अर्थाने घरोघरचा. प्रत्येकाने संगणकासमोर बसून, पडद्यावरच्या व्हिटेकरचे हात बघत, आपापला सूर गायला.

आणि मग आलं २०२०. मार्चमध्ये वीस-पंचवीस नामवंतांनी फोनसमोर 'इमॅजिन'ची एकेक ओळ म्हणून जोडली आणि जगाकडून शिव्या खाल्ल्या. महालातून गरिबांना उपदेश हे एक कारण झालं, पण माझ्या मते तांत्रिक कारणही होतं: कुणी कुणाला ऐकलंच नव्हतं. प्रत्येकाची पट्टी वेगळी, लय वेगळी. त्यानंतर दीड महिन्याने, १ मे ला, क्वीनने 'यू आर द चॅम्पियन्स' काढलं. फेब्रुवारीपर्यंत ही मंडळी ऑस्ट्रेलियात दौऱ्यावर होती. उन्हाळ्यातला युरोपचा दौरा रद्द होऊन पुढे ढकलला गेला. ब्रायन मे लंडनमधल्या घरी, टेलर कॉर्नवॉलला, गायक अ‍ॅडम लॅम्बर्ट लॉस अँजेलिसला. तिघांनी आपापल्या फोनवर वाजवून, गाऊन ते गाणं जुळवलं. 'आम्ही'चं 'तुम्ही' केलं, दवाखान्यांत राबणाऱ्यांसाठी. पैसे जागतिक आरोग्य संघटनेच्या निधीला. स्वतःच्याच गाण्याचं कव्हर म्हणा हवं तर. १९९१ मध्ये गेलेला फ्रेडी त्यात नव्हता, पण पियानोवर त्याने जे स्वर मांडून ठेवले होते त्यावरच सगळे उभे होते.

ते ऐकून दुसऱ्याच दिवशी आमच्या गायकाचा पुण्याहून मेसेज. "इंग्लिश दादरा करायचा का?" तो पुण्यात, बासवाला लेस्टरला, ड्रमर मस्कतला, मी इथे न्यू जर्सीत गिटार आणि कीबोर्ड. बत्तीस वर्षांनी!

गायकाचा आवाज पंचावन्न वर्षांचा झालेला, म्हणून गाणं दोन पट्ट्या खाली उतरवलं. मी मेट्रोनोमच्या टिकटिकीवर कीबोर्ड वाजवून सगळ्यांना पाठवला. नियम असा की प्रत्येकाने सुरुवातीला एक टाळी वाजवायची, त्या टाळ्या जुळवल्या की सगळं जुळतं. कागदावर सोपं. गायकाने पहिल्यांदा हेडफोन न लावता गायलं, त्यामुळे आवाजात माझा कीबोर्ड, टिकटिक आणि त्याच्या घरचा कुकर. बासवाल्याची फाइल लावली तर सगळं आठ टक्के हळू आणि दीड पट्टी खाली. मी त्याला "तुझी बास उतरलीय का?" म्हणून डाफरलो. तो बिचारा पुन्हा पुन्हा जुळवून बघतोय. दोन दिवसांनी कळलं, त्याचं रेकॉर्डिंग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचं होतं आणि मी ते ४४,१०० समजून वाजवत होतो. चूक माझी. माफी मागितली, त्याने लेस्टरहून दोन सणसणीत पुणेरी शब्द पाठवले.

मस्कतहून मात्र काही येईना. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं की ड्रमरची आई साताऱ्यात गेली. विमानं बंद. परत नेणाऱ्या खास विमानांच्या यादीत त्याचा नंबर लागला नाही. इकडे अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी. पुतण्याने फोन धरला होता आणि हा मस्कतच्या फ्लॅटमध्ये बसून बघत होता. चित्र मधेच थांबायचं, आवाज पुढे जायचा, मग दोन्ही एकदम धावायचे. नंतर तो मला म्हणाला, "तिथे पाणी देऊन झालं होतं, माझ्याकडे अजून देत होते." मी काय बोलणार? गाणं बाजूला ठेवू असं आम्ही तिघांनी ठरवलं आणि त्याला तसं कळवलं.

तेरावं झालं आणि चारेक दिवसांनी त्याच्याकडून फाइल आली. सोबत एक अक्षर नाही. मुलाच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर वाजवलेलं. आधी एसीची घरघर आठ-दहा सेकंद, मग टाळी, मग त्याच्या घोगऱ्या आवाजात "एक दोन तीन चार पाच सहा", आणि ठेका सुरू. एवढा स्वच्छ, की मला एकही ठिकाणी सरकवावा लागला नाही. बाकी आम्ही तिघांनी आपापले भाग टाकून त्याच्या ठेक्यावर पुन्हा वाजवले. टिकटिक बंद करून.

मिक्स करताना मोजणी कापतात, तशी पद्धत आहे. मी कापली नाही. कन्येने फाइल उघडली तेव्हा सगळ्यात आधी तेच ऐकू आलं होतं, आणि खरं तर तिचा पहिला प्रश्न होता, "हे मोजतंय कोण?"

ता.क. ह्या डिसेंबरात चौघंही पुण्यात असण्याचा योग जुळतोय. ड्रमर आता साताऱ्यालाच परतलाय. त्याचा निरोप आलाय की पॅड वगैरे काही आणू नका, आईच्या माळ्यावर माझा जुना तबला सापडलाय, पुडी फाटलीय, ती बदलायला टाकतो.